बर्फाचा खडा आणि लहानग्यांचे विज्ञान

घरातील सर्व वस्तूंमध्ये लहान मुलाला पाण्याइतके प्रिय दुसरे काही नसते, आणि पाण्यावरून त्याला जितकी बोलणी खावी लागतात तितकी दुसऱ्या कशावरूनही खावी लागत नाहीत. ‘सांडू नकोस’, ‘भिजू नकोस’, ‘सर्दी होईल’ ही वाक्ये मराठी घरांतून दिवसभर ऐकू येत असतात. तरीही मूल पुन्हा पुन्हा बादलीकडे वळते. तांब्या बुडवते, ओतते, पुन्हा भरते. या ओढीला केवळ खोडकरपणा म्हणणे बरोबर नाही. पाणी हातात धरता येत नाही, पण वाटीत राहते. उंचावरून सोडले तर खाली येते, पण पसरट ताटात टाकले तर चहूकडे धावते. या वस्तूचा स्वभाव काय, हे ते मूल आपल्या परीने शोधून काढीत असते. त्याच पाण्याचा थिजलेला खडा हाती आला की त्याच्या कुतूहलाला पारावार राहत नाही. पाण्यासारखाच पारदर्शक, पण दगडासारखा कठीण. आणि हातात धरून ठेवावा तर पाहता पाहता नाहीसा होणारा! वैज्ञानिक विचाराचा आरंभ करून द्यायला याहून सोपे आणि स्वस्त साधन सापडणे कठीण.

आज शहरातील बहुतेक घरांत शीतकपाट आले आहे आणि त्यातील बर्फाचे कोणालाही नवल वाटत नाही. परंतु हिमालयाचा प्रदेश सोडला तर आपल्या देशात बर्फ ही एके काळी राजेरजवाड्यांच्या घरची चीज होती. १८३३ साली अमेरिकेतील बॉस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर कलकत्त्याला पोहोचले. वाटेत त्याला दोनदा विषुववृत्त ओलांडावे लागले होते. तरीही त्यातील सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता! फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने आरंभिलेला हा उद्योग पुढे मुंबई आणि मद्रास येथेही पसरला. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर १८४२ साली बांधलेले बर्फघर आजही उभे आहे. स्वामी विवेकानंद १८९७ साली तेथे राहिले होते आणि आता ती इमारत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. उष्ण कटिबंधातून चार महिने प्रवास करूनही तो बर्फ टिकला कसा? या प्रश्नाचे उत्तर चार वर्षांच्या मुलालाही शोधता येते, आणि तेही घरातल्या घरात.

त्यासाठी दोन ताटल्या घ्याव्यात आणि प्रत्येकीत सारख्या आकाराचा बर्फाचा एकेक खडा ठेवावा. एक खडा तसाच उघडा राहू द्यावा. दुसरा लोकरीच्या जुन्या शालीत किंवा कानटोपीत नीट गुंडाळावा. मग मुलाला विचारावे, “यांतला कोणता आधी वितळेल?” बहुतेक मुले क्षणाचाही विचार न करता शालीतल्या खड्याकडे बोट दाखवतील. शाल गरम असते, हे त्यांना थंडीच्या दिवसांत आईनेच सांगितलेले असते. अर्ध्या तासाने शाल उलगडली की मात्र वेगळेच दृश्य दिसते. उघड्या खड्याचा बराचसा भाग पाणी होऊन गेलेला असतो आणि शालीतला खडा जवळजवळ जसाच्या तसा असतो. त्या क्षणी मुलाच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटते, तेच या खेळाचे खरे फळ होय.

शाल स्वतः मुळीच गरम नसते. लोकरीच्या धाग्यांत अडकून राहिलेली हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही, एवढाच तिचा गुण. थंडीत अंगाची उष्णता बाहेर निसटू पाहते, तिला शाल अडवते आणि माणसाला ऊब वाटते. बर्फाच्या बाबतीत खोलीतील उष्णता आत शिरू पाहते, तिलाही शाल तितक्याच निष्ठेने अडवते. दारावरचा पहारेकरी आतल्याला बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरच्याला आत येऊ देत नाही, तसाच हा प्रकार आहे. जुन्या काळातील बर्फाच्या व्यापारात बर्फाभोवती लाकडाचा भुसा किंवा गवत यांचा कोरडा थर देत असत, तो याच कारणासाठी. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून भुशात पुरून ठेवणाऱ्या दुकानदारालाही हे शास्त्र ठाऊक असते. त्याने त्याचे नाव ऐकलेले नसेल, इतकेच.

दुसरा खेळ याहूनही साधा आहे. एका भांड्यात बर्फाचे खडे आणि थोडे पाणी घालावे आणि थोड्या थोड्या वेळाने ढवळून मुलाला त्यात बोट बुडवायला सांगावे. घरात तापमापक असेल तर मोठ्या भावंडाने तो भांड्यात धरावा. मात्र तो तापाचा नव्हे, शून्य अंशापासून मोजणारा असावा. खोली उबदार असते, भांड्यात उष्णता सारखी शिरत असते, तरीही शेवटचा खडा शिल्लक असेपर्यंत चांगले ढवळलेले ते पाणी शून्य अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. खडे संपले की मग ते हळूहळू कोमट होऊ लागते. तोवर आत आलेली उष्णता गेली कुठे? ती बर्फ वितळवण्यात खर्ची पडली. तिने पाण्याचे तापमान वाढवले नाही. फक्त घनाचे द्रव केले.

ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने १७६०च्या सुमारास या गोष्टीचा उलगडा केला आणि तिला ‘अप्रकट उष्णता’ हे नाव मिळाले. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून ८० अंशांपर्यंत तापवता येते. ही किंमत इतकी भारी आहे म्हणूनच हिमालयावरील हिम उन्हाळा लागताच एका दिवसात वितळून जात नाही. तसे झाले असते तर गंगेला आणि सिंधूला चैत्रात प्रलयंकारी पूर आले असते आणि ज्येष्ठात त्यांची पात्रे कोरडी पडली असती. मुलाला आकडे सांगण्याची गरज नाही. ‘बर्फ आहे तोवर पाणी गारच राहते’, एवढे त्याच्या बोटाने ओळखले तरी पुष्कळ झाले.

तिसरी गोष्ट मुले आपण होऊन विचारतात. बर्फ घातलेल्या पेल्याला बाहेरून पाण्याचे थेंब येतात. हे पाणी आले कोठून? पेल्यातून पाझरले, हे मुलाचे पहिले उत्तर असते आणि ते चुकीचे असले तरी हास्यास्पद नाही. माठातून पाणी पाझरताना त्याने पाहिलेले असते. त्या अनुभवावरूनच ते हा तर्क करते. अशा वेळी ‘वेडा कुठला!’ म्हणून त्याला गप्प करण्यापेक्षा त्याच्या तर्काची परीक्षा घ्यावी. पेल्यातील पाण्यात चिमूटभर हळद किंवा थोडा बिटाचा रस मिसळावा. आतले पाणी पिवळे किंवा लाल झाले, पण बाहेरचे थेंब मात्र स्वच्छ आणि रंगहीनच राहिले! मग ते आतून आलेले असतील काय? येथे मूल थबकते, आणि बाहेर तर हवेशिवाय काहीच नाही, या निष्कर्षापर्यंत हळूहळू येऊन पोहोचते. हवेत न दिसणारे पाणी वाफेच्या रूपाने असते आणि थंड पृष्ठभाग भेटला की ते थेंबरूपाने प्रकट होते, हे सांगण्याची वेळ तेव्हा येते, त्याआधी नव्हे.

वेगवेगळ्या प्रांतांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या प्रयोगाची एक गंमत अनुभवता येईल. मुंबई, गोवा किंवा कोलकाता येथील दमट हवेत पेला काही क्षणांतच घामाघूम होतो. नागपूर, इंदूर किंवा जयपूर येथील वैशाखातल्या कोरड्या दुपारी तोच पेला कितीतरी कमी ओला होतो. सुट्टीत मावशीकडे किंवा आजोळी गेलेल्या मुलाने हा फरक स्वतः टिपला, तर भूगोलाच्या पुस्तकातील ‘दमट हवामान’ आणि ‘कोरडे हवामान’ हे शब्द त्याच्यासाठी जिवंत होतील. माठाचे पाणी कोरड्या हवेत अधिक गार का होते, याचेही उत्तर तेथेच जवळपास आहे. कोरडी हवा माठावरील ओलावा चटकन उचलते, आणि त्या ओलाव्याची वाफ होताना लागणारी उष्णता माठातूनच घेतली जाते.

चौथा खेळ तरंगण्याचा. बहुतेक पदार्थ थिजले म्हणजे आकसतात आणि जड होऊन तळाशी बसतात. थिजलेल्या तुपाचा खडा पातळ तुपात टाकला तर तो बुडतो. बर्फ मात्र पाण्यावर तरंगतो. पाणी गोठताना आकसत नाही, उलट सुमारे ९ टक्के फुगते, हे त्याचे कारण. याची खात्री करून घ्यायची असेल तर प्लास्टिकच्या बाटलीत अर्ध्याहून थोडे अधिक पाणी भरावे, त्या पातळीवर मुलाच्या हातून शाईने रेघ ओढून घ्यावी आणि बाटली रात्रभर बर्फाच्या कप्प्यात उभी ठेवावी. सकाळी बर्फ रेघेच्या वर चढलेला दिसेल. काचेची बाटली मात्र कधीही वापरू नये, ती फुटते. मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने १८६०–६१च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर जी व्याख्याने दिली, त्यांत पाण्याने भरलेल्या ओतीव लोखंडाच्या जाड बाटल्या गोठवून फोडून दाखवल्या होत्या. केवळ गोठणाऱ्या पाण्याच्या जोराने लोखंड तडकते, हे पाहून त्या बालश्रोत्यांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

बर्फाच्या या हलकेपणावर कितीतरी जीव जगले आहेत. काश्मीरच्या दल सरोवराचा पृष्ठभाग कडाक्याच्या हिवाळ्यात गोठतो, पण त्या बर्फाच्या छपराखाली पाणी द्रवरूपच राहते. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. ते तळाशी जाते आणि त्याहून थंड पाणी वर राहून गोठते. मासे खाली सुखरूप राहतात. बर्फ जड असता तर तो तळाशी साचत गेला असता आणि थंड प्रदेशातील तळ्यांत मासळीला थारा उरला नसता.

यालाच जोडून एक कोडे मोठ्या मुलांना घालावे. वाटीत बर्फाचा खडा तरंगत ठेवून ती पाण्याने काठोकाठ भरावी. खडा वितळल्यावर पाणी सांडेल की नाही? ‘सांडेल’ असे मोठी माणसेही सांगतात. प्रत्यक्षात वाटी सांडत नाही. तरंगणारा खडा आपल्या वजनाइतकेच पाणी बाजूला सारतो आणि वितळल्यावर नेमकी तेवढीच जागा भरून काढतो. आता दुसऱ्या वाटीत मधोमध एक उंच दगड ठेवावा, वाटी काठोकाठ भरावी आणि पाण्याबाहेर राहिलेल्या दगडाच्या माथ्यावर खडा ठेवावा. या वेळी तो वितळताच पाणी काठावरून ओघळते. हा निव्वळ पोरखेळ नव्हे. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळला तरी समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथील जमिनीवर साठलेला बर्फ वितळून समुद्रात आला तर मात्र ती वाढते. तापत चाललेल्या पृथ्वीवर मुंबई, कोकण आणि गोवा येथील किनाऱ्यांचे भवितव्य या दुसऱ्या वाटीशी बांधलेले आहे. आज वाटी न्याहाळणारे मूल उद्या त्या प्रश्नांवर मत देणारा नागरिक होणार आहे.

मिठाचा खेळ सर्वांत शेवटी ठेवावा, कारण त्यात जादूचा भास आहे. ताटलीतील खड्यावर ओला दोरा आडवा ठेवावा, त्यावर चिमूटभर मीठ भुरभुरावे आणि मिनिटभर थांबावे. मग दोरा हलकेच उचलला तर खडाही त्याबरोबर वर येतो! मिठामुळे बर्फ शून्य अंशाच्या खालीही वितळू लागतो. वितळायला लागणारी उष्णता तो आजूबाजूच्या बर्फातून आणि पाण्यातून घेतो. त्यामुळे दोऱ्याभोवतीचे पाणी पुन्हा थिजते आणि दोरा त्यात पकडला जातो. हाताने फिरवायच्या लाकडी पॉटमध्ये आइस्क्रीम करणाऱ्या घरांत बर्फाबरोबर खडेमीठ का घालीत, त्याचे मर्म हेच. नुसता बर्फ शून्य अंशाखाली नेऊ शकत नाही. मीठ मिसळलेला बर्फ त्याच्या पुष्कळ खाली नेतो, आणि म्हणूनच आटवलेले गोड दूध आतल्या डब्यात घट्ट होते.

या सर्व खेळांत मुलाने काय करावे याहून मोठ्यांनी काय करू नये, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. मोठ्यांना उत्तर ठाऊक असते आणि ते सांगून टाकण्याची त्यांना घाई असते. पण उत्तर आधी मिळाले की मुलाचे पाहणे संपते. बालशिक्षणात आयुष्य वेचणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे आणि पुढे ताराबाईंनी महाराष्ट्रात बोर्डी व कोसबाड येथे हाच आग्रह धरला, की मुलाच्या हातांना काम आणि मनाला मोकळीक मिळाली पाहिजे. आणि साधने परदेशी व महागडीच हवीत असे नाही, भोवतालच्या साध्या वस्तूंतूनही शिक्षण घडते. वाटी, दोरा, मीठ आणि बर्फ यांहून साधी साधने कोणती असणार?

मुलाची बुद्धी मोठ्यांच्या बुद्धीची लहान प्रतिकृती नसते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की पसरट भांड्यातील पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतले तर चारपाच वर्षांचे मूल पाणी वाढले असे म्हणते. ते खोटे बोलत नसते. त्याला तसेच दिसते. त्या वयात समजावून सांगितल्याने ते पटत नाही, आणि दटावल्याने तर नाहीच. म्हणून तीनचार वर्षांच्या मुलाने बर्फ हाताळावा, गार, निसरडा, टणक असे शब्द शिकावेत. पाचसहा वर्षांच्या मुलाने आधी अंदाज सांगावा आणि मग पाहावे. सातआठ वर्षांच्या मुलाने घट्ट झाकणाच्या डबीत बर्फ ठेवून, वितळण्यापूर्वी आणि नंतर, बाहेरचे दव पुसून तिचे वजन करावे. दोन्ही वजने सारखी आली की ‘बर्फ कुठे गेला?’ या लहानपणच्या प्रश्नाचे उत्तर त्याला स्वतःच्या हाताने सापडेल: तो कुठेच गेला नाही, त्याने केवळ रूप बदलले.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. लहान खडे तान्ह्या आणि रांगत्या मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत. ते घशात अडकू शकतात. मीठ घातलेला बर्फ मुठीत धरू देऊ नये. त्याने कातडी पोळल्यासारखी दुखावते. बाजारातील लादी पुष्कळदा मासळी किंवा माल थंड ठेवण्यासाठी केलेली असते. ती खेळापुरती ठीक, खाण्यासाठी नव्हे. पाण्याच्या खेळात मोठे माणूस जवळ असावे आणि खेळ संपताच बादली रिकामी करावी, कारण अगदी लहान मुलाला थोडे पाणीही घातक ठरते. आणि जेथे घागरभर पाण्यासाठी मैलभर चालावे लागते अशी गावे या देशात आहेत, तोवर खेळ वाटीभर पाण्यावरच व्हावा आणि मीठ न घातलेले उरलेले पाणी तुळशीला जावे. पाणी जपून वापरणे हाही पाण्याच्या विज्ञानाचाच एक धडा आहे.

मूल दिवसाकाठी कितीतरी वेळा ‘का?’ असे विचारते. ‘असेच असते’ या उत्तराने तो प्रश्न तेवढ्यापुरता थांबतो. पुढे पुढे तो विचारलाच जात नाही आणि मूल शहाणे झाले असे घरच्यांना वाटू लागते. त्याऐवजी ‘चल, करून पाहू’ असे त्याला कोणी म्हटले, तर ऐकीव गोष्ट पडताळून पाहता येते आणि आपला अंदाज चुकला तरी त्यात लाज नसते, या दोन गोष्टी ते फार लवकर शिकते. शालीतल्या बर्फाने ज्याला एकदा चकवले आहे, ते मूल पुढे कोणतीही गोष्ट केवळ सर्वजण म्हणतात म्हणून खरी मानणार नाही. वाटीभर बर्फाच्या मोबदल्यात घराला यापेक्षा अधिक काही मागता येणार नाही.